जुना बास घेताय? आधी नेक बघा, मग बाकीचं

या खेपेला बासबद्दलचे (म्हणजे बास गिटारबद्दलचे) प्रश्न इतके आलेत की गिटारवाल्यांना आणि कीबोर्डवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणारे. सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तरी उत्तर इथेच कुठेतरी सापडेल.

प्रश्न : ताई, मी काही वर्षं गिटार वाजवतोय, आता बँडमध्ये बासला कोणी नाही म्हणून ते माझ्या गळ्यात पडलंय. नवा घ्यायचं बजेट नाही. एक जण त्याचा फेंडर कंपनीच्या जॅझ बास टाईपचा चार तारांचा बास विकतोय, फोटोत मस्त दिसतोय, म्हणतो "एकदम मिंट कंडिशन, नेक परफेक्ट". बघायला जाणारे, पण बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? बासमधलं मला शून्य कळतं.

उत्तर : अरे गिटार येते म्हणजे निम्मं कळतंच तुला. आणि "मिंट" सगळेच म्हणतात, ते सोडून दे. फोटोत दिसतो तो रंग आणि बॉडी, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी महत्त्वाचं. टवके, ओरखडे, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलने पडलेले चरे, यांनी आवाजात काडीचा फरक पडत नाही, उलट घासाघीस करताना तेच कामाला येतात. पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक) बदलता येतो, पॉट (नॉबखालचे) बदलता येतात, ट्यूनिंगच्या किल्ल्या, ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो भाग), नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) सगळं बदलता येतं. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, बिघडलेली असेल तर मात्र अवघड, म्हणजे बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने बसवलेल्या) बासला दुसरी नेक बसवता येते हे खरं, पण तिचा खर्च धरला की स्वस्तात मिळालेला बास स्वस्त राहत नाही. म्हणून तिथे पोचल्यावर लगेच अँपला लावून वाजवत बसू नको, आवाज ऐकला की माणूस प्रेमात पडतो आणि मग काही दिसत नाही.

जाताना ट्यूनर, स्वतःची केबल आणि एक साधं व्हिजिटिंग कार्ड ने. पहिलं काम म्हणजे बास नीट ट्यून कर, जाड तारेपासून बारीक तारेकडे ई ए डी जी, अर्धा सूर खाली वगैरे नाही, बरोब्बर पट्टीत. कारण चार तारा मिळून नेकला साधारण ७०-८० किलोच्या ताकदीने ओढत असतात, आणि तारा ढिल्या असताना नेक सरळ दिसली तर त्याला काही अर्थ नाही, ती ताणाखाली कशी राहते ते बघायचंय. बरेच जण विकायचा बास महिनोन्‌महिने तारा सैल करून ठेवतात आणि तसाच दाखवतात.

ट्यून झाला की ई तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका हाताने दाब आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने, मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघ. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. याला रिलीफ म्हणतात, नेकला एवढा किंचित बाक हवाच असतो कारण तार मधल्या भागात सगळ्यात जास्त हलते. फट अजिबात नसेल किंवा त्यात जाड पुठ्ठा जात असेल तर लगेच नाही म्हणू नको, ते ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या दांड्याने, सुधारतं. पण सुधारतं का हे तिथेच बघायचं. विकणाऱ्याला सांग, पाना घेऊन पाव फेरा फिरवून दाखव. त्याने फिरवला आणि फट बदलली तर छान. रॉडच्या टोकाचा नट गोल होऊन पाना फिरतोय पण रॉड हलत नाहीये, किंवा रॉड आधीच पूर्ण आवळलेला आहे आणि तरी नेक वाकलेलीच आहे, तर "थँक्यू" म्हणायचं आणि चहापाण्याला न थांबता निघायचं. रॉड स्वतः फिरवू नको हां, काही झालं तर खापर तुझ्यावर. आणि तो फिरवू द्यायला किंवा फिरवून दाखवायला नाहीच म्हणाला तर ते पण एक उत्तरच आहे.

मग हेडस्टॉककडून (नेकचं किल्ल्या असलेलं टोक) एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडांवरून ब्रिजकडे बघ. दोन्ही कडा एकसारख्या जायला हव्यात. एक कड वर आणि एक खाली जाताना दिसली तर नेकला पीळ आहे, आणि पीळ ट्रस रॉडने जात नाही. अजून एक जागा म्हणजे नेक जिथे बॉडीला मिळते तो भाग, तिथे शेवटचे फ्रेट उचलल्यासारखे दिसतात का बघ. तसं असेल तर वरच्या फ्रेटवर कायम खडखड होणार, फ्रेट घासून निघते ती पण कामाला माणूस हुशार लागतो.

आता अजून अँपला न लावता चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजव. कंटाळवाणं आहे, पण करच. कुठे बझ (खडखड) होतोय, कुठे वरच्या फ्रेटचाच सूर वाजतोय ते कळेल. जी या सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतोय असं वाटेल, त्याला डेड स्पॉट म्हणतात, फेंडर टाईपच्या बोल्ट-ऑन बासमध्ये हा बऱ्याचदा सापडतो, अगदी महागातल्या बासमध्ये सुद्धा, कारण त्या सुराला नेक स्वतःच थरथरायला लागते आणि तारेची ताकद खाऊन टाकते. थोडा असेल तर चालतंय, सगळे त्याच्यासोबतच जगतात. सूर वाजल्या वाजल्या गपकन बंद होत असेल तर घेऊ नको.

ई आणि जी या दोन बाहेरच्या तारा वरच्या फ्रेटवर नेकच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का तेही बघ. जी तार कडेवरून घसरून पडते असं वाटलं तर घाबरायचं कारण नाही, नेकचे चार स्क्रू जरा सैल करून नेक सरळ ढकलली की बहुतेक वेळा काम होतं. नेकच्या खाचेजवळ रंगाला बारीक केसासारखी चीर असते, ती नुसती रंगाची असते, सोडून दे. पण नटच्या मागे, हेडस्टॉक सुरू होतो तिथे लाकडात चीर असेल तर नको, खास करून नेक चिकटवलेल्या आणि हेडस्टॉक मागे झुकलेल्या बासमध्ये.

राहिलं ते हेडस्टॉकवरचं नाव. फेंडरचा प्रिसिजन बास १९५१ चा, जॅझ १९६०चा, तेव्हापासून या दोन आकारांच्या इतक्या नकला निघाल्यात की नुसत्या नावाच्या स्टिकरवर पैसे मोजणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, ते स्टिकर सुटे मिळतात. चांगली नक्कल घ्यायला माझी काही हरकत नाही, नकलेचे पैसे देऊन घे म्हणजे झालं. सीरियल नंबर खरवडून काढलेला असेल तर मात्र स्वस्त मिळतोय म्हणून सुद्धा घेऊ नको, चोरीचा असू शकतो.

प्रश्न : मी बघितलेल्या एका बासला अँपला लावल्यावर गुणगुण येत होती, तारांना हात लावला की बंद व्हायची. विकणारे म्हणाले नॉर्मल आहे. शिवाय तो अ‍ॅक्टिव आहे, बॅटरी लागते. अ‍ॅक्टिव घेऊ की साधा?

उत्तर : तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते याचा अर्थ ब्रिजचं ग्राउंडिंग जागेवर आहे, उलट हात लावल्यावर वाढली असती तर वायरिंगमध्ये घोळ समजायचा. जॅझ टाईपचा असेल तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा, दोन पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात म्हणून ती जवळजवळ गायब होईल, आणि एक कमी केला की परत येईल. तसं होत असेल तर विकणारे खरं बोलतायत. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून असाच आहे, तो आपला आपणच गप्प राहतो, त्यामुळे त्यात अशी सतत गुणगुण असेल तर मात्र पिकअपचं किंवा वायरिंगचं काहीतरी बिघडलंय.

सगळे नॉब वाजवता वाजवता फिरवा. खरखर नुसती धुळीची असते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बहुतेक वेळा जाते. केबल जॅकमध्ये हलवून बघा, आवाज तुटत असेल तर जॅक बदलायचा, किरकोळ काम आहे. पण या दोन्ही गोष्टी चेहरा गंभीर करून विकणाऱ्याला जरूर सांगा 🙂

अ‍ॅक्टिव म्हणजे आत प्रीअँप (आवाजाची ताकद वाढवणारं छोटं सर्किट) आहे, ९ व्होल्टची बॅटरी लागते, कधी दोन लागतात. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे हा बास आला तेव्हापासून हे प्रकरण लोकांत रुजलं. आवाजातला खर्ज आणि ट्रेबल वाद्यावरूनच कमी-जास्त करता येतं ही सोय चांगलीये, पण जुना घेताना बॅटरीचा डबा उघडून बघाच. आत पांढरी-हिरवी पूड दिसली तर बॅटरी गळलेली आहे आणि आतलं काय काय खाल्लंय ते सांगता येत नाही. अ‍ॅक्टिव-पॅसिव बटण असेल तर दोन्हीकडे वाजवा. बटण नसेल तर बॅटरी संपली की बास मुका होतो, तेही बहुतेक वेळा भर कार्यक्रमात. आणि केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावा. पहिलाच बास असेल तर मी साधाच घ्या म्हणेन, बिघडायला कमी जागा.

प्रश्न : ताई, जुना बास घेतला, नेकबिक सगळं तपासून घेतला. पण आवाज एकदम मऊ, दबका, ढप ढप येतो. मित्र म्हणतो पिकअप बदल. बदलू का? आणि तारा घ्यायच्या तर राउंडवाउंड, फ्लॅटवाउंड, ४५ की ४०, निकेल की स्टील, डोकं फिरलंय.

उत्तर : मित्राला म्हणावं थांब जरा. जुन्या बासवर ज्या तारा असतात त्या बहुतेक वेळा विकणाऱ्याने कधी बसवल्या ते त्यालाही आठवत नसतं. वेटोळ्यांच्या फटींत घाम आणि मळ साठतो, खालून फ्रेटचे खळगे पडतात, तारेचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, आणि मग वरचे सूर मरतातच पण तार बेसूर पण होते. म्हणून मेलेल्या तारांवर इंटोनेशन (फ्रेटवर दाबलेला सूर बरोबर लागतो का) बघून "हा बास बेसूर आहे" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. नवीन तारा लावा, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून वाजवलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरलेला असेल तर पुढे. एवढं करून सुद्धा आवाज आवडला नाही तर पिकअपचं बोलू. नव्या तारांनी बास ओळखू येत नाही असं दहापैकी नऊ वेळा होतं, हे मी अंदाजाने सांगतीये पण पैज लावायला तयार आहे.

आता प्रकार. राउंडवाउंड म्हणजे बाहेरची गुंडाळी गोल तारेची, हाताला खरखरीत, आवाज झणझणीत आणि लांब टिकणारा. फ्लॅटवाउंड म्हणजे गुंडाळी चपट्या पट्टीची, हाताला काचेसारखी गुळगुळीत, आवाज गोल, जाड, सुरुवातीला ठसका आणि मग लवकर विरणारा. सुरुवातीच्या काळात बासला फ्लॅटच असायच्या. राउंडवाउंडची लाट आली ती १९६६ च्या आसपास, रोटोसाउंड या तारांच्या कंपनीच्या जेम्स हाऊ यांनी द हू बँडच्या बासवादक जॉन एंटविसलसोबत बसून त्याला हवा तसा पियानोसारखा खणखणीत आवाज देणाऱ्या तारा केल्या तेव्हापासून. दुसऱ्या टोकाला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन, त्याच्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅट, आणि त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत अशी त्याची ख्याती, म्हणजे तुम्हाला जो "ढप ढप" आवाज नकोय तो मिळवायला कितीतरी लोक आयुष्यभर धडपडतात! म्हणून जुन्या तारा फेकायच्या आधी एकदा बँडसोबत वाजवून बघा, एकट्याने खोलीत बसून दबका वाटणारा आवाज ड्रम्सच्या शेजारी कधीकधी फिट्ट बसतो.

आणि फ्लॅट म्हणजे फक्त जुनी गाणी हा गैरसमज आहे, आयर्न मेडन या मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवरच वाजवतो, फक्त तारा सतत नव्या ठेवतो आणि बोटांनी बडवतो. उलट फ्रेटलेसवर (फ्रेट नसलेल्या बासवर) सगळे फ्लॅट लावा म्हणतात कारण राउंडने फिंगरबोर्डचं लाकूड खरवडतं, पण प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियस फ्रेटलेसवर राउंडच लावायचा आणि बोर्डवर इपॉक्सीचा थर दिलेला होता. नियम असे फार कडक नाहीत.

धातूचं सांगायचं तर निकेल प्लेटेड स्टील ही मधली वाट, बहुतेक बास कंपनीतून त्याच लावून येतात. स्टेनलेस स्टील जास्त चमकदार, स्लॅप करणाऱ्यांना (अंगठ्याने तार बडवून वाजवणाऱ्यांना) आवडते, पण बोटाला टोचते आणि फ्रेट लवकर झिजवते. शुद्ध निकेल जरा उबदार, जुन्या वळणाची. हाताला खूप घाम येत असेल तर कोटिंगवाल्या बघा, महाग पडतात पण टिकतात. काळ्या नायलॉनच्या पट्टीने गुंडाळलेल्या टेपवाउंड पण असतात, आत गाभा स्टीलचाच असल्यामुळे इलेक्ट्रिक बासवर चालतात, स्टँड-अप बासच्या जवळ जाणारा आवाज. फक्त अकूस्टिक बासच्या ब्राँझच्या तारा चुकून उचलू नका, मॅग्नेटिक पिकअपला ब्राँझची गुंडाळी जवळजवळ दिसतच नाही.

जाडी ४५ ते १०५ घ्या. विषय संपला. हे इंचाचे हजारावे भाग असतात, जी ०.०४५ आणि ई ०.१०५. बोटं दुखत असतील तर पुढच्या वेळी ४०-१००. तुम्ही पहिल्यांदा तारा विकत घेत असाल तर निकेल प्लेटेड राउंड ४५-१०५ लावा, दोन-तीन महिने वाजवा, मग काय जास्त आहे आणि काय कमी आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल. पहिल्याच दिवशी फ्लॅट घेऊ नका, महाग असतात आणि नाही आवडल्या तर जीव हळहळतो.

प्रश्न : माझा बास छोटा आहे, ३० इंची स्केलचा. दुकानदार म्हणतो नेहमीच्या तारा कापून लावा. चालेल?

उत्तर : नाही. नेहमीच्या तारा ३४ इंची स्केलसाठी (स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची वाजणाऱ्या तारेची लांबी) असतात. त्या छोट्या बासवर लावल्या की तारेचा पूर्ण जाडीचा भाग किल्लीच्या खुंटीवर गुंडाळायला लागतो, तिथे गुंडाळी उकलते नाहीतर तार तुटते, फ्लॅट असेल तर नक्कीच. शॉर्ट स्केलचाच सेट घ्यायचा, आणि घ्यायच्या आधी बासवर ब्रिजमध्ये तारेची गोळी जिथे अडकते तिथपासून नटपर्यंत मोजपट्टीने मोजायचं, तारेचा जाड भाग त्याच्यापेक्षा थोडासा लांब हवा, आणि निमुळता किंवा रेशमी दोरा गुंडाळलेला भाग नटच्या पलीकडे सुरू व्हायला हवा. बॉडीच्या मागून तारा घालायच्या असतील तर तेवढी लांबी जास्त धरा.

अजून एक, त्याच जाडीची तार ३४ ऐवजी ३० इंचावर त्याच सुरात लावली तर ताण जवळजवळ २२ टक्के कमी होतो, म्हणून छोट्या बासवर ई तार लोळल्यासारखी वाटते. ५०-१०५ चा सेट बघा, बराच फरक पडेल.

प्रश्न : तारा उकळून परत नव्यासारख्या होतात म्हणे?

उत्तर : होतात, थोडे दिवस. मळ आणि तेलकटपणा निघतो, पडलेले खळगे आणि थकलेला धातू काही परत येत नाही. शिवाय काढून परत लावताना खुंटीपाशी वाकलेल्या जागी तार तुटायची भीती असतेच. उकळल्यात तर पूर्ण कोरड्या करा नाहीतर आतून गंजतील. रेशमी दोऱ्याच्या आणि नायलॉनच्या तारा उकळू नका, दोरा पिंजतो. त्यापेक्षा रोज वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा खालून-वरून पुसा, तेवढ्याने सुद्धा त्या खूप दिवस जगतात.

प्रश्न : जुन्या जाड फ्लॅट काढून ४०-१०० राउंड लावल्या, तेव्हापासून पहिल्या चार-पाच फ्रेटवर ई तार खडखडते. आधी बास एकदम व्यवस्थित होता. तारा खराब निघाल्या का?

उत्तर : तारा ठीक असणार. जाड तारांचा ताण जास्त होता, त्यांना तोलून धरायला ट्रस रॉड आवळलेला होता, आता ओढणारे हात कमी झाले आणि रॉड तेवढाच आवळलेला, त्यामुळे नेक मागे गेली आणि रिलीफ संपला. वर पहिल्या उत्तरात सांगितलंय तसं कार्ड घालून बघा, फट नसणारच. रॉड पाव फेरा सैल करा, म्हणजे रॉडच्या नटच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, परत ट्यून करा, थोडा वेळ जाऊ द्या, परत बघा. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. फक्त सुट्या तारेवरच खडखड येत असेल तर रॉडला हात लावू नका, ते नटच्या खाचेचं काम आहे. आधीच्या जाड तारेसाठी खाच रुंद केलेली असेल तर बारीक तार तिच्यात सैल बसते आणि किरकिरते. आणि फक्त बाराव्याच्या वरच खडखड असेल तर सॅडल जरा उचला. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली पावणेतीन मिलिमीटर आणि जी खाली अडीचच्या किंचित आत, एवढी अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) सुरुवातीला ठेवून बघा, मग हळूहळू खाली आणा.

तारा लावताना एक काळजी घ्या, कारण अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात. तार कापायच्या आधी जिथे कापायची तिथे काटकोनात वाकवा आणि वाकलेल्याच्या पुढे कापा, सरळ तार कापली तर आतल्या गाभ्यावरून गुंडाळी सरकते आणि ती तार जन्मभर मुकी वाजते. खुंटीच्या पुढे १०-१२ सेंटीमीटर शिल्लक ठेवा, टोक खुंटीच्या भोकात खुपसा, वेढे वरून खाली उतरत जाऊ द्या म्हणजे तार नटवर नीट दाबून बसते. आणि चारही तारा एकदम काढू नका, एक काढा, एक लावा, नेकला उगाच झटका नको. फिंगरबोर्ड पुसायचा असेल तेवढ्यापुरत्या सगळ्या काढल्या तर काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी पाच तारांवाल्यांचे प्रश्न घेते, बी तार ढिली का वाटते यावर सगळ्यांचीच पत्रं आहेत.